लिस्बनहून मरोळकडे

अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआड, दागिन्यांच्या आणि संगणकाच्या कारखान्यांच्या गर्दीत, छप्पर नसलेले एक चर्च उभे आहे. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये कोंडिवटे गावासाठी बांधले आणि संत योहान बाप्तिस्ताचे नाव दिले. १८४० मध्ये गावात साथ आली. माणसे पटापट दगावू लागली, तेव्हा विगाराने, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूने, धर्मग्राम (पॅरिश) उचलून मरोळला नेले. तिथले संत योहानाचे चर्च आजही भरलेले असते. मागे राहिलेल्या भिंतींवर झाडे वाढली, १९७३ मध्ये भोवती सीप्झ वसले. आता त्या चर्चपाशी जायचे तर फाटकावर परवानगी घ्यावी लागते. वर्षातून एकदा मरोळ-कोंडिवट्याचे ख्रिस्ती तिथे मिस्सासाठी जमतात.

गाव उठून दुसरीकडे जाणे महाराष्ट्राला नवे नाही. इथे लक्षात घ्यावा तो निर्णय घेणारा. धर्मग्राम हलवायचे, कुठे न्यायचे, तिथे वेदी केव्हा उभारायची, हे विगाराने ठरवले आणि गावाने मानले. त्या विगाराला मात्र तिथे कोणी बसवले होते? हा प्रश्न १५७९, १८४०, १९२८ आणि १९७८ अशा चार वेळी विचारला, तर चार निराळी उत्तरे मिळतात. धर्मग्राम एकच, त्यावर हुकूम चालवणारे बदलत गेले. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतच्या साष्टी बेटातल्या, म्हणजे आजच्या उपनगरांतल्या जुन्या चर्चची वाटचाल सांगायची तर ती मुख्यतः या बदलत्या हुकमांची गोष्ट आहे.

पहिला हुकूम राजाचा. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबरची बेटे पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगालच्या राजाचा पोपशी आधीच करार झालेला होता. पूर्वेकडे मिशनरी पाठवायचे, चर्च बांधायची, पाद्र्यांना पोसायचे, हा सगळा खर्च राजाचा. मोबदल्यात बिशप म्हणून कोणाला नेमावे, हे राजाने सुचवायचे आणि पोपने त्यावर शिक्का उठवायचा. या व्यवस्थेचे नाव पाद्रोआदो. गोव्याला बिशपची गादी झाली, पुढे ती आर्चबिशपची झाली, आणि साष्टी तिच्या हाताखाली आली. बेटात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या दोन संघांनी कामाचा मुलूख वाटून घेतला. बोरिवलीच्या मंडपेश्वराला आंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनाने लेण्यांतच प्रार्थनामंदिर केले आणि वरच्या अंगाला मठ उभारला. शिवाची लेणी होती ती. राजाची तलवार पाठीशी असलेला धर्माधिकार दुसऱ्याच्या देवळाशी कसा वागतो, याचा हा दाखला आहे. ख्रिस्ती लेखकांनी त्यावरून हळूच पुढे सरकू नये असे मला वाटते. मंडपेश्वराला आज दोन्ही खुणा शेजारी शेजारी दिसतात: खाली लेणी, वर मठाचे अवशेष.

त्या काळात कोंडिवट्याच्या विगाराचा वरिष्ठ म्हणजे त्याच्या संघाचा प्रमुख, त्याच्यावर गोव्याचा आर्चबिशप, आणि या सर्वांच्या खर्चाची किल्ली लिस्बनला. गावातल्या कुणब्याला किंवा कोळ्याला यातले काही विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याला बाप्तिस्मा मिळाला, पोर्तुगीज आडनाव मिळाले आणि चर्चच्या सणाला तोफ ऐकायला मिळाली.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि दोनशे वर्षांची ही घडी विस्कटली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट निघून गेले, त्यांचे मठ पडले, शेतसारा गेला. उरले ते गोव्याहून आलेले देशी पाद्री. हे कोणत्याही संघाचे नव्हते, त्यांना मठाची मिळकत नव्हती, पाठीशी राजा नव्हता. गोरे वरिष्ठ त्यांना दुय्यम समजत आले होते. पण पुढची पस्तीस वर्षे साष्टीतला ख्रिस्ती धर्म त्यांनी आणि गावकऱ्यांनी धरून ठेवला. १७६० मध्ये आंकेतील द्यू पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा मराठ्यांच्या अमलात ठाण्याला चर्चचा सण उघडपणे साजरा होत असल्याचे त्याला दिसले. राजाने पोसलेला धर्म राजा जाताच संपायला हवा होता, तो संपला नाही. उपनगरांतल्या चर्चच्या इतिहासात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हाच काळ. दुर्दैवाने कागदपत्रे सर्वांत कमी तीही याच काळाची, कारण कागद सांभाळणारे मठच उरले नव्हते.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. इंग्रजांच्या मुंबईत तोवर दुसरेच भांडण मुरलेले होते. पोर्तुगीज पाद्री आपल्या राज्यात पोर्तुगालचे हेर म्हणून काम करतील, अशी भीती कंपनी सरकारला होती. म्हणून १७२० मध्ये सरकारने फ्रान्सिस्कनांना मुंबई बेटातून घालवले आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट संघाच्या व्हिकर अपोस्टॉलिकला, म्हणजे पोपच्या वतीने कारभार पाहणाऱ्या बिशपला, बोलावले. रोमचे स्वतःचे मिशन खाते, प्रोपागांडा फिदे, १६२२ पासून कामाला लागलेले होते. राजाच्या मध्यस्थीवाचून आपली माणसे पूर्वेला पाठवायची, असा त्याचा हेतू होता. एका बाजूला गोव्याचा आर्चबिशप, दुसऱ्या बाजूला रोमचा माणूस, आणि दोघांनाही एकच पोप मान्य! पोपचा अधिकार दोघेही मानत असताना भांडण कशाचे, असे आज कोणालाही वाटेल. भांडण होते ते विगार कोण नेमणार, चर्चच्या जमिनीचे उत्पन्न कोणाकडे जाणार आणि रविवारी वेदीवर कोण उभे राहणार, याचे. चर्चच्या सत्तेचे वाद बहुतेक वेळा या तीन गोष्टींपाशीच येऊन थांबतात.

कंपनी सरकारने १७८९ मध्ये चर्च गोव्याच्या हाती दिली, दोन वर्षांनी काढून घेतली, आणि १७९४ मध्ये सरळ वाटणी केली. मुंबईतली दोन चर्च गोव्याला, दोन रोमच्या माणसाला. धर्माधिकाराचा निवाडा प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांच्या कौन्सिलने केला आणि दोन्ही कॅथॉलिक पक्षांनी तो घेतलाही. १८३८ मध्ये पोपने पाद्रोआदोचे हक्क आखडते घेतले, गोव्याच्या बाजूने ते मानले नाही, आणि तेढ आणखी वाढली. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून गोष्ट इतकी टोकाला गेली, की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या माणसांनिशी चर्चमध्ये कोंडून घेऊन बसले आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला. शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. याच हार्टमन यांनी १८५० मध्ये सुरू केलेले ‘एक्झामिनर’ साप्ताहिक आजही मुंबईच्या महाधर्मप्रांतातून निघते. पक्षाची बाजू मांडण्यासाठी जन्मलेले पत्र पक्ष संपल्यावरही टिकले.

माहीमच्या खाडीपलीकडे साष्टी मात्र गोव्याचीच राहिली. १ सप्टेंबर १८८६ रोजी मुंबई महाधर्मप्रांत रीतसर स्थापन झाला, पण मरोळ, आंबोली, पोयसर त्यात नव्हते. त्यांच्यासाठी पाद्रोआदोचा नवा दमण धर्मप्रांत काढला गेला. म्हणजे अंधेरीचा माणूस दमणच्या बिशपचा आणि गिरगावातला माणूस रोमने नेमलेल्या आर्चबिशपचा. मुंबई बेटात तर अधिकार जागेवरून न ठरता घराण्यावरून ठरत असे. एकाच गल्लीतली दोन कुटुंबे दोन बिशपांची, दोन चर्चची. लग्नाच्या वेळी कोणाच्या नोंदवहीत नाव घालायचे, यावरून उभे राहणारे तंटे डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

याच सुमारास, १८८७ मध्ये, साष्टी-वसईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून येणाऱ्या कॅथॉलिकांपेक्षा आपण निराळे, आपण इथलेच, हे सरकारला कळावे, हा उघड हेतू होता. पण त्यात चर्चचेही दुखणे होतेच. गावचा विगार बहुधा गोव्याचा, बिशप पोर्तुगीज, पलीकडच्या महाधर्मप्रांताचा आर्चबिशप जर्मन किंवा इंग्रज जेझुइट. घरात मराठीची बोली बोलणाऱ्या आणि लग्नात मराठी गाणी म्हणणाऱ्या या समाजाचा माणूस वरच्या कोणत्याही खुर्चीवर नव्हता.

ऑल्बन गुडियर १९१९ मध्ये आर्चबिशप झाले. दोन अधिकारांच्या चरकात सापडून त्यांनी १९२६ मध्ये पद सोडले. १५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. दुहेरी अंमल संपला, साष्टीची चर्च मुंबई महाधर्मप्रांताला जोडली गेली. करारात एक कलम असे होते, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. १९२८ साल! सायमन कमिशनमध्ये एकही हिंदी माणूस नाही म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर काळी निशाणे फडकत होती, आणि त्याच वर्षी त्याच शहरातल्या कॅथॉलिकांच्या प्रमुखाची पाळी कोणाची, हे ठरवताना हिंदी माणसाचे नाव कोणाच्या मनातही आले नाही. पहिली पाळी जोआकिम लिमा या पोर्तुगीज जेझुइटाची लागली. त्यांच्यानंतर १९३७ मध्ये लिव्हरपूलहून थॉमस रॉबर्ट्स आले.

रॉबर्ट्स हा या वाटचालीतला विलक्षण माणूस. आपल्यानंतर पाळीप्रमाणे पुन्हा पोर्तुगीज येणार, हे त्यांना दिसत होते, आणि हे चक्र मोडायचे तर आपणच बाजूला झाले पाहिजे, हेही. त्यांनी सहायक बिशप म्हणून हिंदी धर्मगुरू मागून घेतला. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले. रॉबर्ट्स यांनी कारभार त्यांच्या हाती दिला आणि आपण भारताबाहेर राहू लागले. खुर्ची नावाला त्यांचीच राहिली, म्हणून पोर्तुगालला आपला माणूस सुचवता येईना. १९५० मध्ये पोर्तुगालने सुचवण्याचा हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल ठरले. अधिकार मिळवण्यासाठी झटणारे या कथेत पुष्कळ भेटतात, तो सोडण्यासाठी इतकी खटपट करणारा हा एकच. पुढे १९५४ मध्ये रॉबर्ट्स यांनी चर्चमधल्या अधिकाराचा वापर आणि गैरवापर या विषयावर ‘ब्लॅक पोप्स’ हे पुस्तक लिहिले. त्यांना तो विषय स्वतःच्या खुर्चीवरून कळला होता.

ग्रेशियस जन्माने कराचीचे, मूळचे गोव्याचे. त्यांच्या काळात द्वितीय व्हॅटिकन परिषद भरली, १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले, लॅटिन मिस्सा हळूहळू लोकांच्या भाषेत आली. पाद्री घडवणारी सेमिनरी परळहून गोरेगावला आली, म्हणजे उपनगरांच्या अगदी मध्यावर. मुंबईची लोकवस्ती उत्तरेला सरकत होती आणि चर्चही तिच्यामागे निघाले होते. मालाडच्या ऑर्लेमपासून मुलुंडपर्यंत नवी धर्मग्रामे गजबजली, जुन्या गावठाणांतल्या चर्चना गोवेकर, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी भाविकांनी भरून टाकले. ईस्ट इंडियन आपल्याच चर्चमध्ये अल्पसंख्य झाले.

सप्टेंबर १९७८ मध्ये ग्रेशियस वारले आणि त्यांच्या जागी आले सायमन पिमेंटा. जन्म १ मार्च १९२०, मरोळ. कोंडिवट्याहून हललेल्या त्याच धर्मग्रामाचा मुलगा. १९८८ मध्ये ते कार्डिनल झाले. साष्टीच्या मातीतला ईस्ट इंडियन माणूस मुंबईच्या गादीवर बसायला कोंडिवट्याचे चर्च बांधल्यापासून ३९९ वर्षे लागली. पिमेंटा बोलायला मृदू, राहायला साधे. त्यांच्यानंतर १९९६ मध्ये वांद्र्याचे आयव्हन डायस नेमले गेले. डायस २००६ मध्ये रोमला प्रोपागांडाच्याच खात्याचे प्रमुख म्हणून गेले. ज्या खात्याने कधी काळी मुंबईला परके बिशप धाडले, ते खाते मुंबईच्या माणसाने चालवले. मग माहीमचे ओस्वाल्ड ग्रेशियस आले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये सल्ल्यासाठी निवडलेल्या कार्डिनलांच्या छोट्या मंडळात ते होते. जानेवारी २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप आहेत.

दुहेरी अंमल मात्र उपनगरांतून पुरता गेलेला नाही, त्याचे रूप पालटले. १९८८ मध्ये सिरो-मलबार रीतीच्या कॅथॉलिकांसाठी कल्याण धर्मप्रांत झाला. त्याच्या प्रमुखांचे निवासस्थान पवईला आहे. घाटकोपर-मुलुंडच्या एकाच इमारतीत एक कॅथॉलिक कुटुंब मुंबईच्या आर्चबिशपचे आणि दुसरे, केरळी, कल्याणच्या आर्चबिशपचे असू शकते. पोप एकच, उपासनेची रीत वेगळी. या वेळी ना वेढा पडला ना सरकार मध्ये आले, कारण वेदी आणि मिळकत दोन्ही स्वतंत्र आहेत. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले. तिथे चर्चच्या कारभाराची भाषा मराठी झाली. उपनगरांतल्या मराठी ख्रिस्ती माणसाला याचा आनंद झाला आणि थोडी चुटपुटही लागली, कारण मराठी बोलणाऱ्यांचा मोठा गट मुंबईतून गेला.

वरची खुर्ची अशी घराजवळ आली. खालच्या बाकाचे काय? कॅथॉलिक चर्चमध्ये दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, धर्मगुरू, बिशप. कार्डिनल ही चौथी दीक्षा नव्हे, पोप निवडण्याचा मान असलेले ते पद आहे. धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू बिशप नेमतो आणि बिशपच बदलतो. बदलीची बातमी धर्मग्रामाला वेदीवरून कळते. १९८३ च्या धर्मकायद्याने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली आणि बिशपला योग्य वाटल्यास पॅरिश कौन्सिलही असावी असे सांगितले. मुंबईत ऐंशीच्या दशकापासून लहान ख्रिस्ती समूहांचे जाळे विणले गेले. गल्ली-गल्लीतली काही कुटुंबे एकत्र येऊन बायबल वाचतात, आजाऱ्याकडे जातात, कौन्सिलवर आपला माणूस पाठवतात. या कामाचा भार बहुतेक ठिकाणी बायकांच्या खांद्यावर आहे. घरोघरी प्रभुभोजन नेणाऱ्यांतही त्या आहेत. वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली झाली ती २०२१ मध्ये. दीक्षेची दारे अजून बंद आहेत.

पण कायदा नीट वाचावा. पॅरिश कौन्सिलला फक्त सल्ल्याचे मत आहे. फादरने सल्ला मानावाच असे नाही. अर्थसमितीचेही तेच. कौन्सिल चांगली चालते ती फादर चांगला असला म्हणून, आणि फादर बदलला की कधी कधी तीही बदलते. शेजारच्या घरात डोकावले तर निराळी रीत दिसते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकनांचा बिशप, प्रेस्बिटेरियनांचे वडील आणि काँग्रिगेशनलांची मंडळी, तिघांची मोट बांधलेली आहे. तिथे मंडळी आपली समिती निवडते आणि बिशपच्या निवडीतही तिचे प्रतिनिधी असतात. निवडणुका आल्या की गटबाजी येते, कोर्टकचेऱ्याही येतात, हे त्या मंडळींनी पाहिले आहे. आणि भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत तर ज्याने मंडळी काढली तोच पाळक, तोच विश्वस्त. तिथे बिशप नाही, आणि बिशपकडे करायची तक्रारही नाही. या तिन्हींत मला कॅथॉलिक रचनाच जास्त टिकाऊ वाटते, पण हिशेब मागण्याची सोय तिच्यात सर्वांत कमी आहे, हेही तितकेच खरे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनडच्या (धर्मसभेच्या) प्रक्रियेत जगभरच्या धर्मग्रामांना त्यांचे म्हणणे विचारले गेले. मुंबईच्या उपनगरांतही बैठका झाल्या. त्या बैठकांचा उपयोग एकाच गोष्टीने होईल. उपनगरांतल्या धर्मग्रामांची जमीन, शाळा, दफनभूमी यांवर आज मोठा पैसा आणि मोठे निर्णय अवलंबून आहेत. पुनर्विकासाचे प्रस्ताव येतात, जुन्या क्रुसांची जागा रस्त्यात जाते, भाडेकरार नवे होतात. हे कागद पॅरिश कौन्सिलपुढे आले पाहिजेत, आणि अर्थसमितीचा वर्षाचा हिशेब चर्चच्या फलकावर लागला पाहिजे. यासाठी रोमच्या परवानगीची गरज नाही, आर्चबिशपच्या एका परिपत्रकाने भागेल. तोवर आपल्या धर्मग्रामाच्या कौन्सिलच्या पुढच्या निवडीला उभे राहा, निदान मागच्या वर्षीचा हिशेब पाहायला मागा.